अडकण्याची नोकरी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून दोन वह्या. एक कंपनीनं दिली आहे, तिच्यात मी कुठे अडकलो ते लिहायचं. दुसरी ही, माझी. ही घरी, बायकोच्या, भामाच्या शिलाई मशीनच्या खणात राहील.

एकतीस वर्षं मी संगमनेरच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिले. वारसनोंद, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातलं नाव कमी करणं. आता बरंचसं ऑनलाईन झालं. गेल्या वर्षी दिवसाला दोन माणसं टेबलापाशी थांबली तरी पुष्कळ. डिसेंबरात एक चष्मेवाला तरुण वारसनोंदीसाठी आला. अर्ज लिहून झाला तरी जाईना. पाऊण तास बाजूला उभा राहून मी बाकीच्यांना काय काय विचारतो ते ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, कॉम्प्युटर येतो?"

"नाही."

"मोबाईलवर काय करता?"

"आलेला फोन घेतो. कधी लावतो."

"बाकी काहीच नाही?"

"काहीच नाही."

हे ऐकून तो इतका खूश झाला की मला जरा रागच आला.

तो आदिनाथ. नाशिक रस्त्याला ट्रॅक्टरच्या शोरूमवर त्याची कंपनी आहे, नऊ माणसांची. 'सांधा' नावाचं साधन बनवतात. दुकानदार, दवाखाने, महिला गट यांना प्रोग्रामर ठेवणं परवडत नाही. त्यांनी फारसा कोड न लिहिता स्वतःच आपलं ॲप जोडून घ्यायचं. पडद्यावर तयार खोकी असतात, ती ओढून आणायची, रेघेनं एकमेकांना जोडायची. आदिनाथ म्हणाला, "काका, तुम्ही जिथं अडकाल तिथं आमचं चुकलं असं आम्ही धरणार. म्हणून एकच विनंती. घरी शिकू नका. कुणाला विचारू नका."

भामाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे येत न्हाई म्हणून पगार?"

"हो."

"मग मला का न्हाई घेतलं?"


८ जानेवारी, बुधवार

अकरा वेळा अडकलो. पडद्यावरचा बाण वर न्यायचा होता, म्हणून मी माऊसच टेबलावरून वर उचलला. माझ्या मागे निकिता बसते. तिसगावची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, पडदे कसे दिसावेत ते तीच ठरवते. मी अडकलो की ती काही सांगत नाही, फक्त लिहिते. मी तोंडानं बोलत राहायचं असा नियम आहे. "आता हे कुठं गेलं? मघाशी इथंच होतं." असं आपल्याशीच बोलताना सुरुवातीला लाज वाटली.

संध्याकाळी निकिता म्हणाली, "काका, आज फार छान झालं." एवढ्या चुका करून शाबासकी मिळण्याची ही पहिलीच वेळ.


१६ जानेवारी, गुरुवार

आज दीड तास एका बटणाच्या नावावर गेला. फॉर्म भरून झाल्यावर दाबायचं बटण. तिथे 'सबमिट' होतं. मी म्हणालो, मराठी करा. कुणी म्हणालं 'सादर करा'. मी म्हणालो, त्यानं म्हातारी माणसं घाबरतात, साहेबांसमोर उभं केल्यासारखं वाटतं. 'जमा करा' म्हटलं तर बायका विचारतील, किती भरायचे? शेवटी 'पाठवा' ठरलं. निकितानं विचारलं, "तुम्हाला हे कसं कळतं?" मी म्हणालो, एकतीस वर्षं लोक माझ्या टेबलाशी कुठल्या शब्दावर थांबायचे ते बघितलंय. 'पतीचे नाव' या रकान्यापाशी विधवा बाई थांबते. ती का थांबली हे विचारायचं नसतं, पेन खाली ठेवून जरा वाट बघायची असते.

तिनं हे सगळं लिहून घेतलं. त्यात कामाचं काय, मला कळलं नाही.


२३ जानेवारी, गुरुवार

चाललं! कंपनीनं सांगितलं होतं, घरच्या एखाद्या कामाचं ॲप जोडून बघा. मी भामाच्या ब्लाऊजच्या मापांचं जोडलं. बाईचं नाव, छाती, कंबर, बाही, कधी द्यायचं. ऑफिसातून 'पाठवा' दाबलं आणि घरी भामाच्या मोबाईलवर आलं. तिचा लगेच फोन. "कडलग मावशींचं ब्लाऊज शुक्रवारी द्यायचं, असं आलंय. कुणी पाठवलं?"

"मी."

तिनं परत वाचून बघितलं. मग म्हणाली, "बाही साडेआठ हाय, नऊ न्हाई."


४ फेब्रुवारी, मंगळवार

आज 'अट' नावाचं खोकं सापडलं. सापडलं म्हणजे ते आधीपासून होतंच, मला आज कळलं. त्यात लिहायचं, अमुक असेल तर तमुक कर. अर्जावर आपण लिहीत नाही का, लागू नसल्यास खोडावे? तेच. फक्त खोडायचं काम मशीन करतं. अर्जदार विधवा असेल तर पतीच्या नावाचा रकाना दिसणारच नाही. दिसलाच नाही तर ती थांबणार नाही.

चहा गार झाला तरी लक्ष नव्हतं. एका अटीच्या पोटात दुसरी अट घालता येते का, हे पाहिलं. येते.


६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एकदाही अडकलो नाही. निकिताचं पेन हललं नाही. आदिनाथ डोकावला, तिची कोरी वही पाहिली आणि म्हणाला, "काका, आज काहीच नाही?" मग हसत हसतच, "तुम्ही शिकलात की काय? मग आम्हाला दुसरे काका शोधावे लागतील."

हसण्यावारी म्हणाला. पण म्हणाला ते खरंच आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा सकाळी कामावर जायची घाई होते मला. आज कोणतं खोकं सापडेल, असं वाटत राहतं. परत कचेरीबाहेर टेबल टाकून रस्त्याकडे बघत बसायचं, ही कल्पनाच नको वाटते.


११ फेब्रुवारी, मंगळवार

मी मुद्दाम अडकलो. इथे लिहून ठेवतो.

'सांधा'त दोन बटणं आहेत. 'जतन करा' म्हटलं की केलेलं काम आपल्यापुरतं जपून राहतं. 'चालू करा' म्हटलं की ते सगळ्यांच्या मोबाईलवर जातं. दोन्हींतला फरक मला जानेवारीतच कळला होता. आज मी म्हणालो, "एकदा जतन केलं ना, मग परत चालू काय करायचं? दोन-दोन कशाला?" आणि हात मागे घेऊन बसलो. पूर्वी टेबलाशी येणारी म्हातारी माणसं पेन कशी धरायची ते आठवलं, तसाच माऊस धरला.

निकितानं लिहून घेतलं. आदिनाथ म्हणाला, "मुद्दा आहे."

घरी भामाला सांगितलं नाही. पण नोकरी राहिली.


२० फेब्रुवारी, गुरुवार

चौथ्यांदा त्याच बटणांवर अडकलो. निकिता मागून हळूच म्हणाली, "काका, तुमचा बाण थेट तिथंच गेला होता. मग मागे आला."

मी म्हणालो, "चुकून गेला असेल."

तिनं वही मिटली आणि उरलेला वेळ खिडकीतून ट्रॅक्टर बघत बसली. तिची तब्येत बरी नसावी.


३ मार्च, सोमवार

मीटिंगमध्ये ठरलं, दोन बटणांचं एकच करायचं. त्यावर 'झालं' असं लिहायचं. निकिता म्हणाली, "सर, आणखी दोघातिघांवर बघूया. एका माणसाच्या अडकण्यावर नको." आदिनाथ म्हणाला, "काका चार वेळा अडकलेत, निकिता. चार वेळा." ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिला पाणी हवं असेल म्हणून मी बाटली पुढे केली.

तिनं घेतली नाही.


८ एप्रिल, मंगळवार

महिनाभर इथे काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं स्वतःला सांगत होतो.

सकाळी जामखेडकडच्या लंकाबाईंचा फोन आला. त्या तिकडच्या महिला गटांच्या अध्यक्षा. गटांनी मिळून भाड्यानं टँकर लावलाय, तो रोज सहा वस्त्यांना पाणी देतो. त्याची यादी लंकाबाईंनी स्वतः 'सांधा'त जोडली आहे. ड्रायव्हर मोबाईलवर यादी बघतो आणि त्याप्रमाणे जातो. शनिवारी त्या उन्हाळ्याची नवी यादी भरत होत्या. पाच वस्त्या भरून झाल्या, तेवढ्यात भाचीच्या लग्नाला जायची गाडी दारात आली. बाकीचं आल्यावर भरू, म्हणून जपून ठेवायला त्यांनी बटण दाबलं. पूर्वी ते जपूनच राहिलं असतं. आता तेच बटण यादी चालूही करतं. ड्रायव्हर नवा. मोबाईलवर पाच नावं दिसली, पाच ठिकाणी पाणी ओतून मोकळा झाला.

सहावी हिवरेवस्ती, चौदा घरं. रविवारी टँकर नाही, सोमवारी नाही. काल संध्याकाळी तिथल्या कडूबाई जुन्या विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरल्या. मनगट मोडलं.

दुपारपर्यंत दोन बटणं परत आली, यादीत हिवरेवस्तीही. मग आदिनाथनं विचारलं, "एक बटण करायचं कशावरून ठरलं होतं?"

निकिता म्हणाली, "नोंदी माझ्या होत्या. मी पुरेसं तपासलं नाही."

तो सगळ्यांसमोर तिला बरंच बोलला. मी कंपनीच्या वहीवरचं माझं नाव वाचत बसलो.


९ एप्रिल, बुधवार

भामा चौदा तारखेच्या जयंतीसाठी घराची पुढची भिंत रंगवत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं ब्रश डब्यात ठेवला.

"त्या बाईचं वय काय?"

"माहीत नाही."

"इचारलं न्हाई?"

"नाही."

"आन् त्या पोरीनं तुमचं नाव घेतलं का?"

"नाही. तिला कुठं माहीत आहे."

भामानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं. मग म्हणाली, "उद्या जाऊन सांगा. भिंतीचं मी बघते."


१० एप्रिल, गुरुवार

सांगितलं. आदिनाथच्या खोलीत, निकिताही होती. अर्ज लिहितो तसं तारखेवार सांगितलं. अकरा फेब्रुवारी, तेरा, अठरा, वीस.

आदिनाथनं चारही तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाला, "काका, खोटं अडकायला तर मी तुम्हाला घेतलं नव्हतं."

"नाही."

"मग का केलंत?"

"मी शिकलो म्हणून. शिकल्यावर इथं मला जागा नव्हती."

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अट मीच घातली होती," असं काहीतरी पुटपुटला. नंतर स्पष्ट आवाजात म्हणाला, "चाचणीचं तुमचं काम आजपासून बंद. उद्या दोघं जामखेडला जा. त्या बाईंना भेटा. पुढचं नंतर."

निकिताला मात्र धक्का बसलेला दिसला नाही. ती मुळातच शांत आहे. जिन्यात म्हणाली, "काका, मलाही सरांना एक गोष्ट सांगायची आहे. मी फेब्रुवारीतच सांगायला हवी होती." मी विचारलं, कुठली? ती म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले होते." बहुधा दुसरीकडे नोकरी लागली असावी. गेली तर मला खरंच वाईट वाटेल.


११ एप्रिल, शुक्रवार. जामखेड

सहाला निघालो, नगरला नाष्टा करून अकराच्या सुमारास लंकाबाईंच्या दारात. साठीच्या बाई, चष्म्याला दोरी बांधलेली. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली, की चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, "ते मागून बोला. आदी सावलीला बसा, पानी प्या."

पाणी प्यायलो, मग सगळं सांगितलं.

दुपारी हिवरेवस्तीवर गेलो. कडूबाई ओट्यावर बसल्या होत्या, डावा हात गळ्यात. वय विचारलं. "आसंल पन्नास-पंचावन." माझं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "पायऱ्याला शेवाळ हुतं. ते काय तुमी लावलं न्हवतं. पन पानी आलं आस्तं तर मी उतरलेच नस्ते. दोनी खरं हाय."

त्याच पुढे म्हणाल्या, "मला येक सांगा. तुमचा मोबाईल आमालाच रोज शेवटाला का ठिवतो?"

लंकाबाई म्हणाल्या, "मी न्हाई ठिवलं, बाई. यादी आपुआपच लागती."

"आपुआप कशी लागंल? आठ म्हैनं झालं. शेवटाला म्हंजी तळाचं पानी. गाळ येतो. कदी दोन पिंपं, कदी दीड."

निकितानं मोबाईल काढला, यादी उघडली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. अडसूळवस्ती, खाडेवस्ती, ढवळेवस्ती, मोरेवस्ती, सानपवस्ती, हिवरेवस्ती. दोनदा वाचली. तिसऱ्यांदा नुसती पहिली अक्षरं वाचली. अ, ख, ढ, म, स, ह.

बाराखडी. बाकी कारण काहीच नव्हतं. मशीनला वेगळं सांगितलं नाही तर ते नावं अकारविल्ह्यानं लावतं. हिवऱ्यांचा ह शेवटी येतो, म्हणून आठ महिने त्यांच्या पिंपात गाळ. शनिवारी यादी भरतानाही हिवरेवस्ती शेवटी राहिली ती त्याच क्रमानं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. आणि कडूबाईंनी 'सांधा' कधी पाहिलेलंही नाही, त्यांना आम्ही कुठल्या चाचणीत बसवलं असतं?

निकिता म्हणाली, "हा क्रम मीच ठेवला होता. नाव पटकन सापडावं म्हणून."

कडूबाईंना मी अक्षरांचं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी आमी अडसूळ आस्तो तर?"

"तर पहिलं पाणी तुमचं."

"कमालच म्हनायची," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा जरा हसल्या.

परत येऊन लंकाबाईंच्या ओसरीत लॅपटॉप उघडला. मी खुर्ची पुढे ओढली. काय करायचं ते मला स्पष्ट दिसत होतं, दहा मिनिटांचं काम. लंकाबाईंनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला. "मला करू द्या. उद्या परत काय झालं तर तुमी का संगमनेरहून येनार?"

मग मी फक्त विचारत गेलो, टेबलाशी विचारायचो तसं.

"आज जी पहिली, ती उद्या कुठं?"

"शेवटाला."

"आणि दुसरी?"

"ती पयली हुईल."

"तेच अटीत लिहा."

दीड तास लागला. मधे दोनदा त्या थांबल्या. दोन्ही वेळा माझं बोट उठलं होतं, निकितानं नुसतं पाहिलं, मी खाली घेतलं. थांबून थांबून त्यांनीच वाट काढली. चालू करण्याआधी तीनदा जतन केलं. मग म्हणाल्या, "सातवी वस्ती आली तर ती कुटं घुसंल?" मी विचार केला. निकितानं विचार केला. आम्हाला येईना. कंपनीच्या वहीत लिहिलं, इथे खरंच अडकलो.

सुरुवात हिवरेवस्तीपासून करायची, असं लंकाबाईंनीच ठरवलं.

संध्याकाळी आदिनाथचा फोन आला. निकिता अंगणात जाऊन त्याच्याशी बराच वेळ बोलत होती. मग फोन माझ्याकडे दिला. तो म्हणाला, "काका, निकितानं सगळं सांगितलं. तुमचं आणि तिचंही." तिचं काय ते मी विचारलं नाही. "चौदाला सुट्टी आहे. मंगळवारी या. तुमचं चाचणीचं टेबल काढून टाकलंय. तुम्ही तिच्याबरोबर गाडीतून फिरायचं, जिथं लोक 'सांधा' वापरतात तिथं. आणि जिथं वापरत नाहीत पण त्याचं पाणी पितात, तिथंही. तीन महिने बघू कसं होतंय."

"आणि शिकलो तर?"

"शिका," तो म्हणाला.


१२ एप्रिल, शनिवार

रात्री लंकाबाईंकडेच राहिलो. सकाळी संगमनेरला निघायच्या आधी हिवरेवस्तीवर गेलो. निकिता म्हणाली जायलाच हवं, आणि मलाही बघायचं होतं.

आठला टँकर वळणावर दिसला. बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, पण पुढे कुणी होईना, एवढ्या सकाळी तो आपल्याकडे येतोय यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. ड्रायव्हर उतरला आणि मोबाईल दाखवत म्हणाला, "हितंच पयलं आलंय."

तेवढ्यात लंकाबाईंचा फोन वाजला. अडसूळवस्तीवरून. आमचा टँकर अजून का नाही? त्या म्हणाल्या, "यील. आज तुमचा दुसरा लंबर. उद्या तुमी पयले." तिकडून बराच आवाज येत होता. त्यांनी फोन कानापासून लांब धरला आणि संपेपर्यंत ऐकून घेतला.

कडूबाई टँकरपाशी गेल्या. चांगल्या हाताची बोटं दुमडून त्यांनी पत्र्यावर ठोकलं, खाली चाकाजवळ. ठप्प आवाज आला. जरा वर ठोकलं. ठप्प. मग टाचा उंचावून हात पोचेल तितक्या वर ठोकलं आणि कान लावून उभ्या राहिल्या. तिथेही तसाच.

"रोज हितं ढम् वाजायचा," त्या शेजारणीला म्हणाल्या. "ये, तू वाजवून बघ."

शेजारणीनं वाजवलं. मग आणखी दोघींनी. ड्रायव्हर पाईप हातात धरून थांबला होता, त्याला कुणी घाई केली नाही. मीही जाऊन पत्र्याला हात लावला. ऊन चढायला लागलं होतं, पण पत्रा गार होता, वरपर्यंत.